आंबा खाडीतली शंखुली : नावं ठेवून झाली, मोजणी राहिली

नागोठणे समुद्रकाठी वसलेलं नाही, तरी समुद्राचं पाणी गावापर्यंत येतं. धरमतरची खाडी वडखळ-कासूच्या खाजणांतून वळणं घेत आत शिरते आणि आंबा नदीच्या पात्रातून भरती वर चढते. रस्ते आणि रेल्वे होण्याआधी हीच मोठी वाट होती. मुंबईहून सुटलेली गलबतं भरती धरून नागोठण्याला लागत. महाबळेश्वरला हवापालटाला निघालेले साहेबलोक इथे उतरून महाडच्या रस्त्याला लागत. आज बंदर म्हणून नागोठण्याचं नाव कोणी घेत नाही. गॅस क्रॅकर प्रकल्प, मुंबई-गोवा महामार्ग आणि सोळाव्या शतकातला दगडी पूल एवढ्यावर गावाची ओळख भागते. खाडी मात्र अजून रोज दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. ओसरली की खालच्या अंगाच्या चिखलावर जे उघडं पडतं, त्यात खेकडे दिसतात, निवट्या दिसतात आणि ठिपके टाकल्यासारख्या पसरलेल्या बारक्या शंखुल्या दिसतात. खेकड्याला आणि निवटीला बाजारात भाव आहे. शंखुलीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

या शंखुलीचं शास्त्रीय नाव पायरेनेला सिंगुलाटा. तिच्याबद्दल आणि आपल्या किनाऱ्यावरच्या तिच्या सोयऱ्यांबद्दल आजवर कोणी काय शोधलं, आणि त्यातलं खाडीकाठच्या माणसाच्या कितपत उपयोगाचं आहे, ते या लेखात पाहू.

आधी प्राणी हातात घेऊन पाहू. शंख दोन ते चार सेंटिमीटरांचा, निमुळता, बऱ्याच वेढ्यांचा. प्रत्येक वेढ्यावर मण्यांच्या तीन ओळी असतात. रंग तपकिरी, मधूनमधून फिकट पट्टे. टोक बहुतेक वेळा झिजलेलं किंवा तुटलेलं असतं. खाजणातला चिखल आंबट असतो आणि तो चुन्याचं कवच हळूहळू खातो. वय ओळखायचं असेल तर तोंडाकडे पाहावं. पिल्लाच्या शंखाच्या तोंडाची कड पातळ आणि सरळ असते. प्राणी वयात आला की ती कड बाहेर पसरते आणि जाड होते, आणि त्यानंतर शंखाची वाढ जवळजवळ थांबते. शाळकरी पोरालासुद्धा एका ढिगातून मोठी आणि लहान वेगळी काढता येतील, इतका हा फरक स्पष्ट आहे.

शंखुलीला बोट लावलं की ती आत ओढली जाते आणि तोंडावर एक गोल, तपकिरी, शिंगासारख्या पदार्थाची चकती बसते. हे तिचं झाकण. ऊन वाढलं, पावसाळ्यात पाणी गोडं झालं, की झाकण लावून ती वाट पाहत बसते. भरतीखाली आणि उन्हाखाली आळीपाळीने जगायचं तर एवढी सोय हवीच.

आणखी एक गोष्ट हातात घेतल्याशिवाय कळत नाही. चिखलावर चालणारा प्रत्येक शंख शंखुलीचा असतोच असं नाही. मालक मेला की रिकाम्या घरात पाठीमागचा मऊ भाग लपवायला बारका खेकडा शिरतो. शंखुली सरकते ती सावकाश, मागे सलग रेघ ठेवत. खेकडा शंख ओढत तुरुतुरु पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. वर उभं राहून लांबून मोजणाऱ्याची बेरीज इथेच चुकते, कारण मेलेल्यांची घरंही तो जिवंतांत धरतो.

तिचं खाणं म्हणजे चिखलावरची साय : डोळ्यांना न दिसणारी डायटम जातीची शेवाळं आणि कुजलेला पालापाचोळा. अंडी ती चिकट दोऱ्यांत घालते आणि त्या दोऱ्यांना गाळ चिकटून ती चिखलातच मिसळून जातात. पिल्लं काही काळ पाण्यावर तरंगतात, भरती-ओहोटीबरोबर वाहतात आणि मग तळाशी बसतात. ही तरंगती पिल्लं पुढे बांधाच्या गोष्टीत येतील.

रेवसपासून नागोठण्यापर्यंत खाडीची चाल सगळीकडे सारखी नाही, म्हणून शंखांचीही नाही. तोंडाशी खडक आणि खारं पाणी. तिथे खडकाला चिकटणाऱ्या नेरिटा आणि दुसऱ्या प्राण्यांच्या कवचाला भोक पाडून खाणाऱ्या शिकारी गोगलगायी राहतात. मधल्या चिखलात आपली शंखुली आणि तिचा थोरला सोयरा टेलिस्कोपियम. हा बोटाएवढा लांब, काळपट आणि सुळकेदार. तिवरांच्या खोडांवर आणि पानांवर लिटोरारिया ही चढणारी गोगलगाय असते. भरती वर आली की ती वर सरकते, पाण्यात बुडून राहणं तिला मानवत नाही. जसजसं पाणी गोडं होत जातं तसतशी खाऱ्या पाण्याची मंडळी मागे पडतात आणि नदीतल्या मेलॅनॉइडिससारख्या बारीक, टोकदार गोगलगायी पुढे येतात. म्हणजे खाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंख पाहत गेलं तर पाणी कुठवर खारं आहे याचा अंदाज चव न घेता येतो. पावसाळ्यात आंबा फुगली की ही सीमा खाली ढकलली जाते आणि उन्हाळ्यात वर येते.

नावाचा इतिहास लांबलचक आहे, तो थोडक्यात उरकतो. १७९१ साली ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने लिनियसच्या ग्रंथाच्या वाढीव आवृत्तीत हिला म्युरेक्स सिंगुलाटस म्हटलं. त्यानंतर सेरिथियम झालं, पोटॅमिडिस झालं, सेरिथिडिया झालं. उरण-मुंबई भागातल्या जुन्या याद्यांत ती पोटॅमिडिस किंवा सेरिथिडिया म्हणूनच सापडते, आणि नवखा विद्यार्थी तिला तीन वेगवेगळे प्राणी समजतो. २०१६ साली डेव्हिड रीड आणि टोमोवो ओझावा यांनी हिंदी महासागरापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंतच्या या गोतावळ्याची नव्याने छाननी केली आणि एकाच नावाखाली कोंबलेल्या कित्येक जाती वेगळ्या काढल्या. याचा अर्थ असा की परदेशात 'सिंगुलाटा'वर झालेलं प्रत्येक काम आपल्या शंखुलीला जसंच्या तसं लागू करता येत नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आपल्या किनाऱ्याचं काम मुंबईत सुरू झालं. अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी हा मुंबईत राहणारा हौशी इंग्रज ओहोटीला खडकांवर फिरून शंख गोळा करी. १८९३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईच्या शंख-शिंपल्यांवर त्याचा लेख आला. त्याच साली मँचेस्टरच्या जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी अॅबरक्रॉम्बीने पाठवलेल्या शंखांतून पंचवीस नव्या जातींची वर्णनं छापली. त्यातल्या एका लहानशा, गाठीगाठींच्या शिकारी गोगलगायीला त्यांनी कोकणाचं नाव दिलं. आज ती सेमिरिसिनुला कोंकणेन्सिस म्हणून ओळखली जाते, मधल्या काळात क्रोनिया कोंकणेन्सिस होती. मेलव्हिल यांचा अफाट संग्रह पुढे टॉमलिन यांच्या संग्रहात मिळाला आणि आता वेल्समधल्या कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. याबद्दल उगाच हळहळण्याचं कारण नाही. तो नीट जपलेला आहे आणि अभ्यासकांना उघडा आहे. आपल्याकडे लेबल उडालेल्या बाटल्यांतून किती नमुने वाया गेले याचा हिशोब केला तर गप्प बसणंच बरं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई विद्यापीठाने हे काम उचललं. सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती या तिघांनी विद्यापीठाच्या नियतकालिकात १९४९ साली मुंबईचे शिंपले आणि १९५२ साली शंख नोंदवले. मधे १९५१ साली जेम्स हॉर्नेल यांचं भारतीय मृदुकाय प्राण्यांवरचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढलं. १९९८ साली त्याच संस्थेने दीपक आपटे यांचं भारतीय शंख-शिंपल्यांवरचं पुस्तक आणलं. २००३ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतर्फे एन. व्ही. सुब्बा राव यांचा समुद्री शंखांचा पहिला खंड आला. आज किनाऱ्यावर शंख उचलून त्याची जात ओळखायची असेल तर ही शेवटची दोन पुस्तकं पुरतात. त्याशिवाय किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतून निघालेल्या याद्या आहेत. कोणत्या खाडीत कोणत्या जाती सापडल्या, एवढं त्या सांगतात. मला या याद्यांचा आदर आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. यादी म्हणजे हजेरीपट : कोण आलं होतं हे कळतं, पण वर्ग किती भरला होता आणि गेल्या वर्षी किती होते, हे कळत नाही.

मोजणीने काय साधतं याचं ठळक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे, आणि त्यातली नायिका तीच कोकणाच्या नावाची गोगलगाय आहे. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाचं एक संयुग घातलेला रंग सर्रास वापरला जाई. त्याचं नाव ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी. १९७० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये प्लिमथच्या किनाऱ्यावर गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटलेलं आढळलं. कारण पुढे टीबीटी निघालं, आणि तेही पाण्यात अब्जांश भागाहून कमी प्रमाणात असताना. विकृती वाढली की मादीचा अंडी घालण्याचा मार्गच बुजतो आणि ती वांझ होते. भारतात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या विश्वकिरण आणि अनिल यांनी हीच विकृती १९९९ साली नोंदवली, आणि ती क्रोनिया कोंकणेन्सिसमध्ये. पुढे गायरिनियम नटेटर या दुसऱ्या गोगलगायीतही तीच दिसली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अशा रंगांवर बंदी घालणारा करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पाण्यातलं एवढं थोडं कथिल मोजायला महागडं यंत्र लागतं. गोगलगायीची मादी मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तीच खबर देते. धरमतर खाडीत आज कोळसा आणि खनिज आणणाऱ्या बार्जेसची रोजची ये-जा आहे. जुन्या रंगाचे अंश गाळात वर्षानुवर्षं टिकतात. रेवस-मांडव्याच्या खडकांवरून दर काही वर्षांनी मूठभर माद्या तपासणं हे फार मोठ्या खर्चाचं काम नाही.

कथिलाचा दुसरा किस्सा थेट शंखुलीच्या घराण्याचा आहे आणि तो उलट्या दिशेने घडला. फिलिपाइन्समध्ये खाऱ्या तळ्यांत मिल्कफिश हा मासा पाळतात. त्या माशाचं खाणं म्हणजे तळाशी वाढणारं शेवाळ, आणि तेच या शंखुल्यांचंही खाणं. तळ्यात त्यांची इतकी बेसुमार पैदास झाली की मत्स्यशेतकऱ्यांनी त्यांना मारायला ट्रायफिनाइल टिन हे कथिलाचंच विष तळ्यांत ओतायला सुरुवात केली. माणसाच्या आरोग्याला धोका दिसू लागल्यावर नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारने त्यावर बंदी आणली. तिकडे जहाजाच्या रंगातलं विष गोगलगायींना चुकून लागलं, इथे मुद्दाम पाजलं.

हा किस्सा वाचून खाडीकाठच्या खारेपाटातल्या जिताडा माशाच्या तळ्यांची कोणाला काळजी वाटेल, तर घाई करू नये. आपल्याकडे शेतातल्या तळ्यात खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्लं सोडतात. पावसाळ्यात त्या तळ्यांचं पाणी गोडं होतं, आणि जिताडा शेवाळ खात नाही, मासे-कोळंबी खातो. त्यामुळे शंखुलीशी त्याचं भांडण नाही. फिलिपाइन्समधली जातही हीच आहे असं धरून चालता येत नाही. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबी प्रकल्पवाल्यांनी मात्र डोळा ठेवावा.

बांधाची गोष्ट जास्त जवळची आहे. पेण-अलिबागच्या पट्ट्यात खाडीचं पाणी अडवून, बांध घालून भातजमीन काढण्याची परंपरा जुनी आहे. त्या बांधांची उस्तवार गावकी करत असे. पुढे १९४८ आणि १९७९ चे खारजमीन कायदे आले आणि जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली नाही, की खारं पाणी भाताच्या खाचरात शिरतं. पहिली एक-दोन वर्षं शेतकरी आशा धरतो. मग तिवरं उगवतात, आणि तिवर उभं राहिलं की ती जमीन कांदळवन ठरते. त्याला हात लावायची सोय उरत नाही, कारण २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशापासून कांदळवन तोडीवर कडक बंधनं आहेत. या सगळ्या खटल्यात शंखुली कुठे येते? तिवराचं रोप दिसण्यासाठी बी रुजावं लागतं. शंखुलीची तरंगती पिल्लं पहिल्या उधाणाबरोबरच आत येतात आणि गाळ मानवला तर तिथेच बसतात. खाचराच्या चिखलात वाढलेल्या, जाड ओठाच्या शंखुल्या सापडू लागल्या, तर समुद्र तिथे नुसता डोकावून गेलेला नाही, मुक्कामाला आहे, असं समजावं. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात 'पाणी किती दिवस होतं' यावर वाद होतात. तिथे ही खूण नोंदवायला काय हरकत आहे?

मला स्वतःला सगळ्यात रस वाटतो तो शंखुलीच्या पोटातल्या पाहुण्यांत. तिच्या घराण्यातल्या गोगलगायींच्या शरीरात पर्णकृमी राहतात. कृमीची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून चिखलात पडतात आणि गोगलगाय ती खाते. आत कृमी वाढतो, तिची प्रजननशक्ती खाऊन टाकतो, मग पाण्यात उतरून मासा किंवा खेकडा गाठतो. तो मासा पक्ष्याने खाल्ला की फेरी पुरी होते. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत अशाच शिंगासारख्या शंखाच्या गोगलगायींवर आर्मंड कुरिस, केविन लॅफर्टी आणि रायन हेचिंगर यांनी फार सुंदर काम केलं. जिथे पक्षी जास्त आणि तऱ्हेतऱ्हेचे, तिथल्या गोगलगायींत कृमीही जास्त आणि तऱ्हेतऱ्हेचे, असं त्यांना दिसलं. २००८ साली 'नेचर'मधल्या लेखात त्यांनी दाखवलं की काही खाड्यांत या परजीवींचं एकूण वजन तिथल्या पक्ष्यांच्या वजनाहूनही जास्त भरतं. पक्षी मोजायला पहाटे दुर्बीण घेऊन बसावं लागतं आणि तरी हिवाळी पाहुणा नेमका त्या दिवशी दुसऱ्या खाजणात असतो. शंभर शंखुल्या फोडून पाहिल्या तर महिनोन्महिने कोण येऊन गेलं त्याचा पुरावा आत मिळतो. याच्या उलट बाजूलाही एक ताकीद आहे. नाईलच्या मुखाशी पायरेनेला कोनिका या बहिणीतून माणसाच्या आतड्यात जाणारा हेटेरोफायस कृमी माशांवाटे पसरतो. खाडीतला मासा नीट शिजवून खाणाऱ्या आपल्या घरांना त्याची भीती नाही, अर्धाकच्चा खाणाऱ्याला आहे.

मग आपल्याकडे मोजणी झालीच नाही का? झाली. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्रवाल्यांनी ठाणे खाडीच्या तळातल्या प्राण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या खाडीला २०२२ साली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. धरमतर खाडीतल्या तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं नव्वदच्या दशकातलं काम आहे. पण तरंगत्या प्राण्यांच्या अशा तक्त्यात गोगलगायींची सगळी पिल्लं सहसा एकाच खात्यात जमा होतात, जात कळत नाही. प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांतही तळातल्या प्राण्यांचं एखादं पान असतं, पण ते परवानगीपुरतं. प्रकल्प उभा राहिला की ते पान मिटतं. १८९३ पासून आपण नावं ठेवत आलो आणि ती ठेवून झाली. एकाच जागी, एकाच पद्धतीने, दहा-वीस वर्षं चालणारी मोजणी ही आंबा खाडीची गरज आहे, आणि ती बाहेरून कोणी येऊन करणार नाही.

ती अवघडही नाही. नागोठण्यात कोकण एज्युकेशन सोसायटीचं आनंदीबाई प्रधान विज्ञान महाविद्यालय आहे. धरमतर आणि रेवसच्या आसपासच्या गावांतून शाळा आहेत, कोळी-आगरी पोरं आहेत, ज्यांना चिखलात पाय कसा टाकावा हे शिकवावं लागत नाही. पाइपची अर्धा मीटर लांब-रुंद चौकट करावी. नागोठण्याच्या जुन्या पुलाखाली, धरमतरच्या पुलाजवळ आणि रेवसच्या धक्क्याशेजारी अशा तीन जागा ठरवाव्यात आणि त्या बदलू नयेत. प्रत्येक जागी दहा वेळा चौकट टाकावी. जिवंत, रिकामे आणि खेकडा शिरलेले शंख वेगळे मोजावेत, आणि जिवंतांत पसरट ओठाच्या किती, तेही लिहावं. पुलाखाली शंखुली एकही मिळाली नाही तर शून्य लिहावं, तीही नोंदच आहे. वेळ काढायला पंचांग पुरेसं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते : अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी तोंडाशी ओहोटी, वर नागोठण्याकडे तिला आणखी उशीर. वर्षातून दोनदा मोजलं तरी चालेल, एकदा पावसाळा संपल्यावर कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला आणि एकदा वैशाखात. मोजून झाल्यावर शंखुल्या जिथल्या तिथे ठेवाव्यात, आणि आकडे वहीत बंद न ठेवता महाविद्यालयाच्या फलकावर लावावेत.

चौकटीला दोनशे रुपयांहून जास्त खर्च येणार नाही. ज्यांना हे करावंसं वाटेल त्यांनी परवानगीची, अनुदानाची वाट न पाहता येत्या कार्तिक पौर्णिमेला सुरुवात करावी.